हेंद्रेपाड्यातली उंच हंडी

या, जवळ सरकून बसा. तिकडे दाराशी नको, इथं माझ्या शेजारी. काल्याच्या हंडीची एक गोष्ट सांगते. ऐकलीत की माणसाची उंची बघून त्याचा स्वभाव ठरवणार नाहीत, हा माझा शब्द.

आमच्या हेंद्रेपाड्यात सप्ताह होतो. रोज कीर्तन, शेवटच्या सकाळी काल्याचं, आणि त्यात कीर्तनकारानं स्वतःच्या हातानं दहीहंडी फोडायची. हंडी बांधायचा मान आण्णांचा. शेती केव्हाच गेली, पण आण्णांचा आवाज अजून बांधावरचाच. माणूस प्रेमळ, पण वेड एकच: उंचीवरून स्वभाव सांगायचे. "उंच माणूस दिलदार, पुढे उभा राहणारा. आणि बुटका? जेवढा वर, तेवढाच जमिनीखाली!"

"नि उंचाची अक्कल गुडघ्यात, ते नाय सांगत कोणाला," त्यांची बायको बनूबाई पुटपुटायची.

यंदा काल्याला बोलावलं होतं उल्हासनगर कॅम्प पाचच्या अक्षदाताईंना. कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. मोबाईलवर कीर्तन ऐकलं होतं तेवढंच. आण्णा डोळे मिटून म्हणाले, "असा भरदार आवाज ठेंगण्या बाईचा नसतोच. चांगली उंचीपुरी असणार." आणि त्या अंदाजानं त्यांनी हंडी बांधली.

सकाळी रिक्षातून ताई उतरल्या. आण्णा त्यांच्या डोक्यावरून आत बघत राहिले. "कीर्तनकार मागून येतायत का?"

"मीच ती, आण्णा. नजर जरा खाली घ्या."

ताई आण्णांच्या कोपराला लागत होत्या. मंडपात हशा पिकला. आण्णांनी हंडीकडे पाहिलं, मग ताईंकडे. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. सुरुवातीचं भजन तुम्ही घ्या. कीर्तनाला आमचा विनीत उभा राहील."

ताईंचं हे पहिलंच काल्याचं कीर्तन. त्या शांतपणे म्हणाल्या, "हंडी माणसानंच बांधलीये ना? मग दोरी सैल करा."

"बांधलेली हंडी आमच्याकडे खाली घेत नाहीत."

"आणि बोलावलेला कीर्तनकार आमच्याकडे परत जात नाही."

"बघा!" आण्णा आमच्याकडे वळले. "बुटकी माणसं तापट, म्हटलं नव्हतं?"

ताई खळखळून हसल्या. "तापले असते तर निघून गेले असते. रिक्षा अजून उभी आहे, आण्णा."

विनीत अंबरनाथ पश्चिमेचा, कारखान्यात कामाला. मंडपाच्या झालरीला डोकं लागेल एवढा उंच, आणि टाळकऱ्यांत कायम मागच्या रांगेत. आण्णांनी त्याला दंडाला धरून पुढे ओढलं. "हा बघा, शोभतोय की नाही?"

विनीतचा चेहरा लाल झाला. "आण्णा, उंच म्हणून शाळेत मॉनिटर केलं, उंच म्हणून कंपनीत मोर्च्याच्या पुढे धरलं. दर वेळी माझी पार फाटली होती. चार माणसांपुढे मला बोलताच येत नाही हो. मला मागून धृपद उचलायला आवडतं, तेवढंच बरं जमतं." मग ताईंकडे बघत म्हणाला, "ताई, तुम्ही लावा अभंग. आम्ही आहोत मागे."

एवढं बोलून तो मागे गेला आणि त्यानं टाळ सुरू केला. मृदंग लागला, बाकीचे टाळ मिसळले. आता थांबवणार कोण? उभं राहिलेलं भजन मोडायची आण्णांची छाती नव्हती. ते मुकाट्यानं सतरंजीवर बसले.

आणि काय सांगू, ताई गायल्या! सगळे खाली बसलेले, ताई तेवढ्या उभ्या. कोण उंच नि कोण ठेंगणं, भानच राहिलं नाही. काल्याचा प्रसंग आला तशा त्या थबकल्या. वर हंडीकडे बोट करून म्हणाल्या, "माउली, गौळणींनी लोणी शिंक्यावर का ठेवलं? चोर लहान होता म्हणून! देव उंच असता तर हात वर करून खाऊन गेला असता. ना सवंगडी लागले असते, ना काला झाला असता. देवाला हात पुरत नव्हता, म्हणून तर गोकुळ त्याच्या मदतीला धावलं. आज माझा हात पुरत नाही. हेंद्रेपाड्यात कुणी सवंगडी आहे का?"

बनूबाईंनी आण्णांना कोपरानं ढोसलं. "उठा की! देव इचारतोय."

आण्णा उठले. खांबाशी गेले, डोळे पुसले आणि स्वतः मारलेली गाठ स्वतःच सोडली. हंडी हळूहळू ताईंच्या हाताशी आली. फुटली तेव्हा निम्मं दही आण्णांच्याच टोपीवर.

प्रसाद घेताना आण्णा मला म्हणाले, "पण बुटकी माणसं हट्टी असतात, हे तरी खरं ना?"

"तुम्ही किती उंच आहात, आण्णा?" मी विचारलं.

ताईंना आता चहूकडून बोलावणी येतात. त्यांची आठवण ठेवा म्हणून मी सांगायची गरज नाही. त्यांचा आवाजच ती ठेवून घेतो. पण कुठंही कीर्तनाला बसलात, आणि मागच्या रांगेत कुणी धृपद असं उचललं की पुढच्याला बळ यावं, तर विनीतची आठवण काढा. एवढं माझ्यासाठी कराच.