वहिनींचा नंबर

मला भांडायला आवडतं असं नाही, पण वेळ आली तर मी कमी पडत नाही. म्हणून फोनच्या दुकानात शिरताना मी वहिनींना बजावलं, "तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा. बोलायचं ते मी बोलते."

"बरं, वन्सं," वहिनी म्हणाल्या.

वहिनी म्हणजे माझ्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बाई. अख्खा हिवाळा आम्ही एका खोलीत काढला. माझ्याहून थोड्या मोठ्या, लग्न झालेल्या. त्यांना नावाने हाक कशी मारणार? पहिल्याच दिवशी मी वहिनी म्हटलं. त्यांनी माझा चढा आवाज ऐकला आणि मला वन्सं करून टाकलं.

त्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल करतात. ज्या आजोबांकडे कामाला होत्या ते वारले आणि घरच्यांनी कामापुरता दिलेला फोन परत मागून घेतला. आता एका वृद्धाश्रमात जागा निघाली होती. शुक्रवारी तिथल्या मुख्य बाई फोनवर बोलून काय ते ठरवणार होत्या. पण कामाचं बोलावणं कधीही येतं, त्यामुळे नंबर स्वतःचाच पाहिजे अशी अट. माझा चालणार नव्हता. मी हॉटेलच्या कपडेधुलाईत इस्त्रीच्या यंत्रावर असते आणि तिथे फोन कपाटात बंद ठेवावा लागतो. ही नोकरी हुकली तर वहिनींचा या देशात राहायचा परवाना संपणार, म्हणजे परत जाणं आलं, आणि तिकडे लेकीचं नर्सिंग अर्धवट राहणार.

दुकानातल्या मुलीने हसून स्वागत केलं आणि हसूनच नाही म्हटलं. परवाना संपत आलेल्या परदेशी माणसाला नवीन नंबर मिळत नाही. म्हणजे नोकरीला नंबर पाहिजे, नंबराला परवाना पाहिजे आणि परवान्याला नोकरी पाहिजे! हे ज्याने ठरवलं त्याला मी एक दिवस आमच्या इस्त्रीच्या यंत्रापाशी उभा करणार आहे. पर्यटकांसाठीचं एक सिमकार्ड होतं, पण त्याचे दर ऐकून वहिनींनी पिशवीच उचलली.

"थांबा," मी म्हटलं. माझ्या नंबराला घरच्या माणसाचा नंबर जोडता येतो, तोही जवळजवळ फुकटात, अशी जाहिरात दुकानाच्या काचेवर हातभर अक्षरांत लावलेली होती. मी तिकडे बोट दाखवलं.

"या तुमच्या कोण?" मुलीने विचारलं.

"वहिनी."

"म्हणजे भावाची बायको. मग भावाचाही नंबर जोडायचा का?"

"मला भाऊ नाही."

मुलीची बोटं कीबोर्डवर थांबली. "बरं. यांचं नाव काय?"

हिवाळाभर एकत्र जेवलो, पाठ धरली तेव्हा या बाईने मला मलम चोळलं, आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. कधी गरजच पडली नाही. वहिनींनी निमूटपणे पासपोर्ट पुढे केला. नाव चांगलं ठसठशीत होतं. त्यांचं वाटतच नव्हतं.

मुलगी आता हसत नव्हती. "खोटं नातं सांगितलंत तर तुमचाही नंबर बंद होईल," ती म्हणाली.

माझा पारा चढला. खोटं? आमच्याकडे माणसाला आधी नात्यात बसवतात, नाव सावकाश विचारतात, हे मी तिला यथासांग समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नातं नसलं तरी चालेल. एका घरात राहता ना? दोघींची नावं असलेला भाडेकरार आणा."

करारावर नाव होतं माझं एकटीचं. ते तसं असावं म्हणून मी काय काय केलं ते माझं मला माहीत. कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या खोल्यांत पाहुण्यासारखी वावरले, दिवा कधी मालवायचा हेही विचारून. मग ही खोली मिळाली.

घरमालकांचं आमच्या खोलीच्या खालीच किल्ल्या बनवायचं दुकान आहे. त्यांनी यंत्र थांबवून माझं म्हणणं ऐकलं. "नाव घातलं की खोली तिचीही. उद्या भांडलात तर तिला काढता येणार नाही," ते म्हणाले. "आणि तुझं कोणाशी भांडण झालं नाही असं एक नाव सांग."

वहिनींना इथली भाषा अर्धीच कळते, पण हे पूर्ण कळलं. "राहू द्या, वन्सं. तुमचं घर आहे."

खरं सांगते, मलाही क्षणभर राहू द्यावंसंच वाटलं. तेवढ्यात वहिनी पासपोर्ट रुमालात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवताना दिसल्या, उद्याच निघायचं असल्यासारखं. माझं डोकं फिरलं.

"आणा तो इकडे! भांडायचं तर घरात भांडू. त्यासाठी देश सोडायची काही गरज नाही."

करारात वहिनींचं नाव घालून मी सही ठोकली. घरमालकांनी स्वतःची सही केली आणि न मागता दुसरी किल्ली कापायला घेतली. फोनचं दुकान बंद व्हायच्या आत आम्ही तिथे परत पोचलो, आणि वहिनींना नंबर मिळाला. जुना फोन माझ्याकडे पडूनच होता.

शुक्रवारी मी पाळी बदलून घरी थांबले. फोन टेबलावर, वहिनी समोर, मी शेजारी. तो वाजला तेव्हा मीच जास्त दचकले. वहिनींनी स्पीकर लावला. पहिली दोन वाक्यं अडखळल्या, मग गाडी सुटली. माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, औषध थुंकणाऱ्या आजोबांना कसं पटवायचं, सगळं मोडक्यातोडक्या भाषेत पण ठणकावून सांगितलं. मी शब्द पुरवायला तोंड उघडलं, तर हाताने गप्प केलं. मला!

शेवटी पलीकडच्या बाईंनी विचारलं, "अचानक काही झालं तर कोणाला कळवायचं?"

वहिनींनी माझं नाव सांगितलं. माझं, माझ्या वडिलांचं आणि आडनाव, एकही अक्षर न चुकता.

"त्या तुमच्या कोण?"

वहिनी जरा थांबल्या, कारण इथल्या भाषेत नणंदेला शब्दच नाही. मग माझ्याकडे बघत त्यांनी ठासून सांगितलं, "माझ्या नवऱ्याची बहीण."

सोमवारपासून कामावर या, असं पलीकडून ऐकू आलं. डोळे पुसत मी खिडकीकडे वळले. त्या नवऱ्याला मी अजून फोटोतसुद्धा पाहिलेलं नाही.