आधी थोरल्यांना

सॉनजू लाल बसकरावर टेकणार, इतक्यात जॉमरे आजी खेकसली.

"अगं अगं, ऊठ! सुनदॉक ताईच्या मांडीवर बसतेस की काय?"

सॉनजू चटकन बाजूला सरली. आरोग्यकेंद्रातली ही नर्स दरवर्षी थंडीच्या तोंडावर फ्लूची लस घेऊन गांगवन प्रांताच्या डोंगरातल्या या गावी यायची. गावच्या म्हाताऱ्यांच्या खोलीत गेल्या सालापर्यंत तिघीजणी दिवसभर पत्ते कुटत बसलेल्या असत. आता जॉमरे एकटीच उरली होती. तरी खालून तापवलेल्या जमिनीवर तीन बसकरं मांडलेली आणि तिन्हींपुढे पत्ते वाटलेले.

"आजी, बाही वर घ्या बघू."

"मी आधी? वा गं शहाणे! थोरल्या दोघी समोर बसल्यात, दिसत नाही का?"

गेल्या सालीही असंच झालं होतं. वयानं सगळ्यांत मोठी सुनदॉक म्हणाली, मला नको बाई सुई. मग तिच्याआधी धाकट्यांनी हात पुढे करायचा कसा? मधलीनं नको म्हटलं, जॉमरेनंही. सॉनजूनं हातापाया पडून पाहिलं, पण छे! हिवाळ्यात फ्लू आला. पलीकडच्या गावातही तो गेलाच, पण तिथल्या म्हाताऱ्यांनी लस टोचून घेतलेली. तापले, खोकले आणि उठून कामाला लागले. इथून दोन शवपेट्या निघाल्या. जॉमरे कशी वाचली, देव जाणे. यंदा तिची छाती आत्तापासूनच घरघरत होती. लस न टोचता परत गेले तर पुढच्या वर्षी या खोलीला कुलूप दिसेल, हे सॉनजूला कळत होतं.

"आजी, त्या दोघी गेल्या हो."

"गेल्या? मग मघाशी माझा डाव कुणी मारला, तुझ्या आजोबांनी?"

हिच्याशी वाद घालून काही उपयोग नव्हता. सॉनजू लाल बसकरापुढे गुडघ्यांवर बसली. तिला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं.

"थोरल्या आजी, जरा हात सैल सोडा. घाबरायचं नाही. हं, झालं!"

टोपण न काढताच तिनं सुई पुढे नेली, मागे घेतली. मग सवयीनं कापसाचा बोळा हवेतच धरला.

"थोडा वेळ दाबून धरा हं."

आणि तिनं बोट काढून घेतलं.

कापूस खाली पडला नाही.

जॉमरे मान तिरकी करून काहीतरी ऐकत होती.

"ताई म्हणतेय, मेलं एवढंच होतं होय! गेल्या सालीच टोचून घ्यायला हवी होती." तिनं स्वतःची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली. "आता मधलीला दे, मग मला. आटप गं, डाव खोळंबलाय."

सॉनजूनं दुसरा बोळा उचलला.