दोनदा दाबलेलं बटण

बहिरूला मी न पाहताच चोर ठरवून टाकलं होतं. मारुंजीजवळच्या खडी क्रशरवर तो वजनकाटा चालवायचा. काट्याची पावती छापणारं मशीन आमच्या बावधनच्या कंपनीचं होतं आणि त्यातला प्रोग्राम माझा. २००३ साल असेल. काट्यावर दिसायचे, समजा, १८३४० किलो आणि पावतीवर उमटायचे १८४०; कमी वजन दाखवून तो ड्रायव्हरांकडून पैसे खातो, असा संशय होता. हे फक्त बहिरूच्या पाळीत व्हायचं. मालक भिकूशेठ म्हणाले, मशीन ठीक आहे एवढं लिहून द्या, उद्या त्याला पोलिसांत देतो.

मी लिहून दिलंही असतं. वजन चुकतंय म्हणून बहिरू तीन आठवडे ऑफिसला फोन करत होता आणि आधी मशीन वापरायला शिका, असं सांगून मी त्याला उडवून लावत होते. लिहिण्याआधी क्रशरवर जाऊन बहिरूला एक ट्रक तोलून दाखवा म्हटलं, तेही त्याला रंगेहाथ पकडायला.

त्याने ट्रक काट्यावर घेतला आणि पावतीचं बटण दाबलं. लगेच पुन्हा दाबलं. बाकीच्या पाळ्यांतले दोघे एकदाच दाबायचे. दोनदा कशाला, मी तोऱ्यात विचारलं.

"एक डायवरला, एक माज्यापाशी. शेटचा भरवसा न्हाई."

तेव्हा मला चूक दिसली. वजनाचे आकडे एकाच तारेतून एकामागून एक येतात. मशीनमधली एक चिप तुकड्यातुकड्याने आलेला आकडा जुळवते आणि हातात धरून ठेवते. तिच्याकडे जागा एकाच आकड्याची. पुढचा यायच्या आत प्रोसेसरने तो उचलायचा. दुसऱ्यांदा बटण दाबलं की माझा प्रोग्राम तिकडे धावायचा, तेवढ्यात तिनावर चार येऊन बसायचा आणि तीन गेला तो गेला.

चिप गप्प नव्हती. आकडा हरवला की ती खूण उभी करते. आकडा आला का, एवढंच माझा प्रोग्राम तिला विचारायचा, शेजारची खूण कधी बघायचाच नाही. मी मशीन थांबवून पाहिलं. खूण उभी होती. मला स्वतःची शिसारी आली.

बहिरूसमोरच भिकूशेठना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं, राहिलं पोलिसांचं, कामाला लाग रे. बहिरू जागचा हलला नाही.

"म्याडम, ती चिप सांगत व्हती ना?"

"हो."

"मीबी सांगत व्हतो."

त्याने बाहेर बोट दाखवलं.

"शेटनं मला डायवरांम्होरं चोर म्हनलं. तितंच चला."

बाहेर सहा ट्रक थांबले होते. बहिरूने काही चोरलं नाही, चूक मशीनच्या प्रोग्रामची आहे, असं मी ड्रायव्हरांना सांगितलं. एक जण फिदीफिदी हसला.

"कुनी लिवला त्यो? नाव सांगा," बहिरू म्हणाला.

"मी. क्षितिजा देशमुख."

बहिरूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"परत सांगा," तो म्हणाला.

मी परत सांगितलं.