विठ्ठल सरांचा पहिला साबण

विठ्ठल सरांनी ठाण्यातल्या एका कॉलेजात चौतीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, आणि चौतीसही वर्षं साबण कसा तयार होतो ते फळ्यावर लिहून दाखवलं. घरी लागणारा साबण मात्र ते वाण्याकडून आणत. यात काही विचित्र आहे, हे निवृत्त होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्या स्वतःच्यासुद्धा.

लक्षात आलं ते डिसेंबरात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण काय लुटायचं, प्लॅस्टिकचे डबे देऊन कंटाळा आला, असं त्यांची बायको शुभदा म्हणत होती. पेपरातून डोकं वर न काढता सर म्हणाले, "साबण दे. घरी करू. त्यात काय एवढं?" शुभदानं त्याच दुपारी टेंभी नाक्यापर्यंतच्या पस्तीस बायकांना कळवून टाकलं, की यंदाचं वाण आमचे हे स्वतः करणार आहेत. आता माघार घ्यायची म्हणजे तोंड लपवून भाजी आणायला जावं लागलं असतं.

सरांनी तीन दिवस नुसतं गणित केलं. खोबरेल किती, कॉस्टिक सोडा किती, पाणी किती. कागद इतका देखणा झाला की तो त्यांनी शुभदाला दोनदा वाचून दाखवला. चौथ्या दिवशी हातमोजे, चष्मा चढवून, खिडक्या उघडून ते ओट्याशी उभे राहिले. सगळ्यात मोठं म्हणून शुभदाचं पुरणाचं पातेलं घेतलं, पाणी ओतलं आणि त्यात सोडा सोडला.

पातेलं फसफसून वर आलं. पाणी काळपट झालं, वाफेनं नाक झोंबलं. सर तीन पावलं मागे सरले आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. 'कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमच्या भांड्यात का ठेवत नाहीत?' हा प्रश्न ते दरवर्षी परीक्षेत घालत. दोन गुणांना. ज्यांना येत नसे त्यांच्या पेपरावर लाल शाईनं 'लाज वाटायला हवी' असंही लिहीत.

"अहो, काय जळतंय?" शुभदा धावत आली.

"काही जळत नाहीये. गॅस तेवढा पेटवू नकोस, हायड्रोजन आहे."

"आणि माझ्या पातेल्याला काय झालं?"

याचं उत्तर सरांना समीकरणासकट पाठ होतं. त्यांनी ते दिलं नाही.

साबण वाळायला चार आठवडे लागतात आणि हळदीकुंकवाला पाच उरले होते. "तुमची ती ऋजुता बाळकुमला साबणच करून विकते की," शुभदा म्हणाली. "तिला विचारा." ऋजुता त्यांच्या विषयात दोनदा नापास झाली होती, आणि 'तू केमिस्ट्रीच्या वाटेला जाऊ नकोस' असं त्यांनी तिला भर वर्गात सुनावलं होतं. पुढचे दोन दिवस सरांनी कुणी न सांगता मेथी निवडली. तिसऱ्या दिवशी रिक्षा केली.

ऋजुतानं हात पुसून वाकून नमस्कार केला, चहा दिला आणि मग विचारलं, "सर, याआधी किती वेळा केलाय साबण?"

थिअरीचं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. सर म्हणाले, "एकदाही नाही. मला येत नाही. बायकोचं पातेलंही घालवून बसलोय."

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. "सर, तुम्हाला काही येत नसेल असं वर्गात कधी वाटलंच नाही हो. मला दुसऱ्या धड्यापासूनच कळायचं बंद झालेलं. पण मी एवढी घाबरलेले, की विचारलंच नाही."

सरांना फार वाईट वाटलं. माफी मागावीशी वाटली, पण त्याचाही त्यांना सराव नव्हता. "चुकलं माझं," ते कसंबसं म्हणाले.

ऋजुतानं स्टीलचं पातेलं पुढे ओढलं आणि त्यांच्या हातात एप्रन दिला. थोड्या वेळानं तेल आणि सोड्याचं पाणी एकत्र झालं. सर ढवळत राहिले.

"ऋजुता, हे कधीपर्यंत ढवळायचं?"

"दाट होईपर्यंत. घड्याळ नका बघू सर, पातेल्यात बघा."

"आणि दाट झालेलं मला कळलंच नाही तर?"

"तर परत विचारा," ऋजुता म्हणाली. "मी इथेच आहे."