मखमलीला पाणी

मित्रांनो, ज्याच्या पानांवर राखाडी लव उगवते असे एक जाडपानी रोप मी आहे; खरे तर त्याचे उरलेले खोड. स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत, फुटक्या बादलीशेजारी माझा मुक्काम आहे.

माझा जन्म एका गळालेल्या पानातून झाला. कपडे शिवणाऱ्या एका बाईने ते पान सावलीत सुकवले आणि वाळू मिसळलेल्या मातीवर नुसते टेकवले. मुळे फुटल्यावर शिवणयंत्राजवळच्या उन्हाच्या खिडकीत मला जागा मिळाली. माती खोलवर सुकली की मगच ती पाणी घाली, तेही पाने न भिजवता. गिऱ्हाइकांना ती म्हणे, "हात लावून बघा, मखमल आहे. ब्लाउज मात्र शिवून मिळणार नाही!"

मग तिची दृष्टी गेली. यंत्रावर चादर पडली. हळूहळू स्मृतीचीही शिवण उसवली. "तुम्ही कुठल्या हो, बाई?" असे ती सुनेला विचारी. मला मात्र तिची बोटे ओळखत. माझ्या पानावरून अंगठा फिरला की तिचा श्वास संथ होई. त्या घरात तिच्या ओळखीचे एवढेच उरले होते.

"झाडाला पाणी घातलं का रे?"

नुसते 'हो' म्हणून तिला पटत नसे. पाण्याचा आवाज ऐकायचा असे. "आई, पोहायला शिकवायचंय का त्याला?" असे म्हणत मुलगा पेला रिता करी. तो कामावर गेला की प्रश्न पुन्हा येई. "हे बघा घातलं, आई. ऐकलंत ना?" सून म्हणे. संध्याकाळी नातीची पाळी. कोणी कोणाला विचारले नाही. प्रत्येकाला वाटे, आपण एकदाच तर घातले.

मातीच्या अंधारात माझी मुळे कुजली. पाने पिवळट, पाणचट झाली आणि स्पर्शासरशी गळू लागली. सुनेने मला घाईने उपटले आणि त्याच कुंडीत तसेच दुसरे रोप आणून लावले. गॅलरीत मला सारे ऐकू येत होते.

"आई, तुमचं झाड."

तिचा अंगठा पानावरून फिरत असावा.

"हे माझं नाही."

"अहो, तेच आहे. लव बघा ना."

"मखमल मला शिकवता?"

मुलगा पुढे झाला. "आई, मी सांगतोय ना. तुझ्या मुलावर तरी विश्वास ठेव."

"तू माझा मुलगा आहेस, हेही तुम्हीच सांगता," ती म्हणाली. त्यानंतर तिने पाण्याचे विचारणे सोडले, आणि खिडकीकडे हात नेणेही.

मित्रांनो, माझ्यासारखे रोप पाळलेत, तर पाणी कोणी तरी एकानेच घाला, आणि माती सुकल्यावरच. आणि घरातले कोणी तेच ते पुन्हा विचारू लागले, तर त्याला नुसता आवाज ऐकवू नका. त्याचा हात धरून ओल्या मातीवर ठेवा. तिची बोटे शेवटपर्यंत आंधळी झाली नव्हती.