बिनबैठकीची घरं

१९५८ सालच्या जानेवारीत वर्ध्याच्या एका संस्थेनं जिल्ह्यात एक पाहणी काढली. नवरा-बायकोचं पटत नाही अशी अठ्ठेचाळीस घरं हुडकायची. त्यांतल्या निम्म्या घरांत दर पंधरा दिवसांनी जायचं, दोघांना समोरासमोर बसवायचं, बोलतं करायचं. उरलेल्या निम्म्या घरांत कुणी बसायचं नाही, फक्त दर दोन महिन्यांनी प्रश्न विचारून उत्तरं लिहून आणायची. वर्षानंतर दोन्हीकडची उत्तरं शेजारी ठेवली, की बसून बोलण्यानं मोडत चाललेला संसार सावरतो की नाही ते कळेल, असा विचार होता. कोणतं घर कुठल्या बाजूला हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. बिनबैठकीच्या घरांनाही आधीच सांगून ठेवलं होतं, की उपयोग होतो असं दिसलं तर पुढच्या वर्षी तुमच्याकडेही बसू.

बैठकीच्या घरांत अण्णाजी आणि त्यांच्या पत्नी आनंदाबाई जात. दोघंही साठीच्या आसपासचे, ऐकून घेण्यात वाकबगार. बिनबैठकीची चोवीस घरं जयवंताकडे आली. ती अडतीस वर्षांची होती, आधी प्राथमिक शाळेत शिकवायची. पाहणीचे प्रमुख प्रभाकरराव यांनी तिला निवडलं, कारण मुलाखतीच्या अर्ध्या तासात तिनं एकदाही त्यांना मधे तोडलं नव्हतं.

"तुम्हाला तिथं सल्ला द्यायचा नाही," प्रभाकररावांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "वाईट वाटलं तरी नाही. तुम्ही एक शब्द सुचवलात, की ते घर आपल्या कामाचं राहणार नाही."

"जमेल मला," जयवंता म्हणाली.

तिला ते सोळा वर्षं जमत होतं. तिचा नवरा लक्ष्मणराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होता. मारणं नाही, व्यसन नाही, दुसरी बाई नाही. लग्नानंतरची तीन-चार वर्षं ते बोलत होते. मग बोलणं कमी झालं आणि एके दिवशी लक्षात आलं, की फक्त कामाचं उरलं आहे. किल्ली कोनाड्यात आहे. दूध आलं नाही. उद्या मला लवकर जायचं आहे. मूल झालं नाही, त्याबद्दलही कुणी कुणाला काही म्हटलं नाही. संध्याकाळी जेवून तो स्टेशनवर जाई आणि फलाटावरच्या बाकावर पेपर वाचत बसे. गल्लीतल्या बायका म्हणत, तुमच्या घरातून कधी आवाज ऐकू येत नाही बाई. त्या कौतुकानं म्हणत.

प्रश्नांचा कागद तीस प्रश्नांचा होता. गेल्या आठ दिवसांत कामाव्यतिरिक्त किती वेळा बोललात? कुणी आजारी पडलं तर आधी कुणाला सांगता? एकत्र जेवलात का? पाठ व्हावेत म्हणून जयवंतानं ते घरी मोठ्यानं वाचले होते. लक्ष्मणराव आतल्या खोलीत होता. त्यानं मान वर केली नाही.

फेब्रुवारीपासून तिचं फिरणं सुरू झालं. एक दिवस देवळी, एक दिवस हिंगणघाटकडची गावं, एक दिवस पुलगावहून छोट्या गाडीनं आर्वीच्या बाजूला. रोहण्याला उतरलं की अर्धा कोस चालल्यावर प्रेमदास आणि धुरपता यांचं घर होतं. चार एकर कोरडवाहू, दोन बैल, सारवलेलं स्वच्छ अंगण. छप्पनच्या ऑक्टोबरात प्रेमदास नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. धुरपताही बरोबर होती. परतल्यावर वस्तीतल्या सगळ्यांप्रमाणे त्यानंही घरातले देव गाठोड्यात बांधले आणि नदीत सोडून आला. तेव्हापासून धुरपता त्याच्याशी नीट बोलत नव्हती. दीड वर्ष होत आलं होतं.

नियमाप्रमाणे दोघांना वेगवेगळं विचारायचं. प्रेमदास गोठ्याजवळ बाजेवर बसला आणि शाळेतल्या मुलासारखी सरळ उत्तरं देत गेला. एकोणिसावा प्रश्न होता, तुमच्या जोडीदाराच्या मनात कशाचं दुःख आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का?

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "देवाची आठवण येते तिले. म्या जबरदस्ती तं केली नाई बाई, तिनं बी हात जोडूनच दीक्षा घेतली. पण मनातून नसन गेले. म्हून म्या काई बोलत नाई. जाईन हळूहळू."

जयवंतानं एकोणिसाव्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं.

धुरपता आत चुलीपाशी होती. तिला तोच प्रश्न उलटा विचारायचा होता, तुमच्या मनातलं त्यांना ठाऊक आहे का?

"नाई."

जयवंतानं 'नाही' लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. पण धुरपता थांबली नव्हती. तिनं भाकरी उलटली आणि तव्याकडे बघतच बोलली.

"देव गेले त्याचं मले काई नाई. त्या देवानं आमाले कधी उंबरठ्याच्या आत घेतलं नाई, मी कायले रडू त्याच्यासाठी? पण देव्हाऱ्याच्या मागं एका चिंधीत माह्या पोराचे वाळे होते. दोन वर्साचा होऊन गेला थो. वाळे तेवढे ठेवले होते म्या. यानं फडक्यात सगळंच गोळा केलं अन् नेलं. मी तवा आंगणात होती, मले दिसलं नाई. संध्याकाळी हात घातला तं मागं काईच नाई."

"तुम्ही सांगितलं का त्यांना?"

"त्यानं विचारलं नाई."

एवढं विचारणंही कागदाबाहेरचं होतं. जयवंतानं पुढचे प्रश्न पटापट उरकले आणि निघाली. गाडीला दोन तास होते. स्टेशनवर ती एकटीच होती. धुरपताचं नुकसान एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं आणि ते वाक्य ज्यानं ऐकायचं ते माणूस चुलीपासून तीस पावलांवर बाजेवर बसलं होतं.

एप्रिलमध्ये ती पुन्हा रोहण्याला गेली. प्रेमदास वाळला होता. एकोणिसाव्या प्रश्नावर तो पुन्हा म्हणाला, ठाऊक हाय. तिनं पुन्हा 'हो' लिहिलं. निघताना धुरपता अंगणाच्या टोकापर्यंत आली.

"बाई, थ्या वरच्या आळीत श्रावणच्या घरी म्हातारा-म्हातारी येऊन बसून राह्यले. त्याची बायको तानाबाई सांगत होती, आता घरात थोडं बरं हाय म्हणते. आमच्याकडे काऊन नाई येत?"

"चिठ्ठी तुमची इकडच्या बाजूची निघाली."

"म्हंजे आमाले नुसतं पाहाले ठेवलं."

जयवंतानं कागद पिशवीत ठेवले. "पुढच्या वर्षी येतील," ती म्हणाली.

धुरपतानं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "तुमच्या घरी कोन कोन हाय?" तिनं विचारलं.

"मी आणि मालक."

"बोलते का तुमच्यासंगं?"

दोन महिन्यांत चोवीस घरांत जाऊन जयवंतानं शेकडो उत्तरं ऐकली होती. तिला कुणी प्रश्न विचारला नव्हता. "नाही," ती म्हणाली, आणि गाडी चुकेल असं सांगून चालू लागली.

जूनच्या आरंभी तिसरी फेरी. ऊन अजून कडक होतं. प्रेमदास बाजेवर बसला. अठरा प्रश्न झाले. एकोणिसावा तिनं वाचला आणि तो नेहमीसारखा म्हणाला, "ठाऊक हाय."

जयवंतानं लेखणी कागदावरून उचलली.

"नाही, प्रेमदासभाऊ. तुम्हाला ठाऊक नाही."

तो बाजेवर सरळ होऊन बसला.

"ते देवांचं नाही. गाठोड्यात दुसरं काय गेलं, ते तिलाच विचारा. मी सांगणार नाही. आज विचारा."

उरलेले अकरा प्रश्न तिनं विचारले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती प्रभाकररावांसमोर कागद ठेवून उभी राहिली आणि काय केलं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, आणि त्यामुळे तिला जास्त अवघडल्यासारखं झालं.

"उद्या ते दोघं गोड झाले," ते म्हणाले, "तर ते आपोआप झाले की तुमच्या बोलण्यानं, हे मी कुठल्या रकान्यात लिहू? तुम्हाला एका घराची दया आली. या पाहणीतून उपयोग दिसला, तर पुढे शेकडो घरांत बसता येईल. त्यासाठीच हे सगळं चाललंय ना?"

"हो."

"मग?"

"मला तिसऱ्यांदा 'हो' लिहिता आलं नाही," जयवंता म्हणाली.

त्यांनी रोहण्याच्या घरावर काट मारली. तुमचं घर पाहणीतून काढलं, हे त्या दोघांना जाऊन सांगायचं कामही तिच्याकडेच आलं.

ती गेली तेव्हा घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, नदीवर गेले दोघं. थोड्या वेळानं दोघं येताना दिसली. पुढे प्रेमदास, मागे धुरपता, दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. प्रेमदास नमस्कार करून बैलांकडे गेला. धुरपतानं पाय धुतले आणि जयवंताला पाणी दिलं.

"वाळे धुंडाळाले गेलतो," ती म्हणाली. "परवा त्यानं विचारलं. म्या सांगितलं. थो काई बोल्ला नाई, तसाच उठून नदीवर गेला. दिवसभर रेतीत हात घालून बसला होता म्हणते. अख्खा पावसाळा वरून गेला, तिथं काय सापडन? म्या म्हटलं त्याले, नको जाऊ. तं काल पुन्हा गेला. आज मी बी गेली."

"सापडले नाहीत?"

"नाई." तिनं पदरानं हात पुसले. "रडला थो. पोरगं गेलं तवा नव्हता रडला."

पाहणीतून नाव काढल्याचं जयवंतानं सांगितलं. धुरपतानं ते ऐकलं, पण त्याचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही. जेवून जा म्हणाली. जयवंता जेवली. प्रेमदासही त्याच पंगतीत बसला आणि धुरपतानं आधी त्याला वाढलं. जयवंताला तिथं बसवेना आणि उठवेनाही.

डिसेंबरअखेर उत्तरांची बेरीज झाली. बैठकीच्या चोवीस घरांपैकी चौदा घरांत बरं झालं होतं. बिनबैठकीच्या तेवीस घरांपैकी सहांत. प्रभाकररावांनी कागद पुन्हा पुन्हा तपासला.

"फरक पडतो," ते म्हणाले. "अण्णाजी, फरक पडतो. आता उरलेल्या घरांची यादी करू."

जयवंतानं ती यादी लिहिली. तेवीस घरं झाल्यावर ती थांबली. मग त्याखाली तिनं आपल्याच घराचं चोविसावं नाव घातलं आणि कागद आनंदाबाईंच्या पुढे सरकवला. आनंदाबाईंनी वाचलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"सोळा वर्षं झाली."

"अन् तू वर्षभर लोकांना विचारत फिरलीस." त्या जयवंताच्या हातावर हात ठेवून बसून राहिल्या.

लक्ष्मणरावानं नाही म्हटलं नाही. अण्णाजी आणि आनंदाबाई आले की तो सदरा घालून बसायचा, विचारलेल्याची उत्तरं द्यायचा. फेब्रुवारी ते एप्रिल, सहा बैठका झाल्या. जयवंता बोलली. सोळा वर्षांत साठलेलं ती तिसऱ्या बैठकीत बोलली, रडली, आणि त्यानं तिला पाण्याचा पेला आणून दिला. त्या रात्रीनंतर काही दिवस तिला वाटत राहिलं, की आता हा काहीतरी बोलेल. स्वयंपाक करताना ती मागून येणाऱ्या पावलांकडे कान देऊन असायची. तो यायचा, पेपर उचलायचा आणि स्टेशनवर जायचा.

सहाव्या बैठकीत अण्णाजींनी त्याला विचारलं, "लक्ष्मणराव, यांच्याबद्दल तुमच्या मनात काय आहे?"

तो चपलांकडे बघत होता. मग पहिल्यांदाच तिच्याकडे तोंड करून बोलला.

"तुझ्यावर माझा राग नाही. कधीच नव्हता. मी आत शोधतो, पण तुला सांगावं असं मला काही सापडत नाही. असतं तर सांगितलं असतं. तुला दुसरं काही वाटत असेल आणि तू त्याची वाट बघत असशील, तर बघू नको."

आनंदाबाईंनी मान खाली घातली. जयवंता रडली नाही. हे सोळा वर्षांतलं त्याचं सर्वांत लांब बोलणं होतं आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे तिला कळत होतं.

ती दोघांना पोचवायला निघाली तेव्हा वाटेत अण्णाजी तिला म्हणाले, "चोवीसमधल्या दहा घरांत आम्हाला यश आलं नव्हतं, बाई. तुम्हीच आकडे लिहिलेत."

"आठवतं मला," ती म्हणाली. "तुम्ही आलात ते बरंच झालं. नाहीतर मी अजून सोळा वर्षं कान देऊन बसले असते."

जूनमध्ये वडनेरच्या शाळेत जागा निघाली. तिनं अर्ज केला आणि ती मिळाली. तिनं सांगितल्यावर लक्ष्मणराव म्हणाला, "बरं." निघायच्या दिवशी त्यानं तिची ट्रंक बसस्टँडपर्यंत उचलून नेली आणि टपावर नीट बांधली आहे की नाही ते स्वतः चढून पाहिलं.

"पोचल्यावर पत्र टाक," तो म्हणाला.

वडनेरला एका शेतकऱ्याच्या घराची पुढची खोली तिला भाड्यानं मिळाली. मालकीण देवकाबाई विधवा होती आणि भरपूर बोलायची, पण ती दिवसभर शेतात असायची. शाळा सुटली की खोलीत शिरताना जयवंताला पहिले काही दिवस दारातच थांबायची सवय राहिली, आत कुणाला त्रास होऊ नये म्हणून. आत कुणी नव्हतं. मग ती दार लोटायची, दिवा लावायची आणि एकटीसाठी पीठ मळायला घ्यायची.

तिनं पोचल्याचं पत्र टाकलं. अकरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. पत्र मिळालं, इकडे सर्व ठीक, प्रकृतीची काळजी घेणे. खाली सही. तिनं ते उभ्यानं वाचलं, आणि शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या म्हणून खिडकीजवळ जाऊन बसली.