नजरेखालची काच

मित्रांनो, मी लांब पल्ल्याच्या एका मोटरसायकलची जुनी काच आहे. हँडलच्या पुढे उभं राहून वारा अंगावर घ्यायचा, हे माझं काम. सगळे मला काच म्हणतात, पण मी प्लास्टिकची. कारखान्यात मी आधी नुसती सपाट पाटी होते. भट्टीत तापून मऊ पडले, साच्यावर दाबली गेले, तेव्हा मला हा बाक मिळाला.

आमची गाडी दातांच्या एका डॉक्टरांची. मागे त्यांची बायको बसायची. गॅरेजवाला मिस्त्री तिला वहिनी म्हणे, म्हणून मीही म्हणते. नऊ वर्षांत आम्ही डोंगर, वाळवंट, समुद्रकाठ सगळं पालथं घातलं. मुक्कामाला पोचलो की वहिनी माझ्यावर ओलं फडकं पसरून ठेवायच्या. चिकटलेले किडे भिजून सुटले की हलक्या हाताने पुसायच्या. "हिच्यामुळे यांचे डोळे शाबूत आहेत," असं लोकांना कौतुकाने सांगायच्या.

डॉक्टरांना एवढा धीर नव्हता. एकदा वहिनी माहेरी गेल्या असताना त्यांनी पेट्रोलचा बोळा घेऊन मला खसाखसा घासलं. मी पांढुरकी पडले, स्क्रूंच्या भोकांपाशी तडे गेले.

"कुचकामी निघाली," डॉक्टर म्हणाले.

नवी काच घ्यायला दोघं गॅरेजात आले. मिस्त्रीने डॉक्टरांना गाडीवर बसवलं, समोर बघायला लावलं आणि माझ्यालगत पुठ्ठा धरून माप घेतलं.

"वरची कड नाकाच्या शेंड्याशी यायला हवी, डॉक्टर. नजर काचेवरून गेली पाहिजे, काचेतून नाही. या जुनीच्याच मापाची घ्या, आणि पारदर्शक घ्या."

पण डॉक्टरांची नजर भिंतीवरच्या उंच, काळ्या काचेवर खिळली होती. "ती लाव. गाडीला रुबाब येईल."

"अहो, पाऊस आला तर तिच्यातून दिसणार कसं?" वहिनी म्हणाल्या. "तिला पुसायला वायपर थोडाच आहे?"

"तू मागे बसतेस ना? मग पुढचं कशाला बघतेस?"

मिस्त्रीने मला उतरवून टायरांच्या ढिगामागे टेकवलं.

तीन महिन्यांनी गाडी टेम्पोतून परत आली. काय झालं ते डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलं. संध्याकाळची वेळ, भुरभुर पाऊस. समोरच्या ट्रकचा उजेड काळ्या काचेवरच्या थेंबाथेंबात फुटला. मान उंचावूनही त्यांना काचेवरून बघता येईना. वळणावर सांडलेली खडी दिसलीच नाही. डॉक्टरांचं कोपर खरचटलं. वहिनींचा खुबा मोडला.

"काच भंगार दिलीस तू," डॉक्टर म्हणाले.

"काच चांगली होती. तुमच्या मापाची नव्हती. सांगितलं होतं मी, वहिनींनीही सांगितलं होतं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "ती जुनी आहे का अजून?"

मिस्त्रीने मला उजेडात धरलं. "हिला तुम्ही पेट्रोल पाजलंत. आता ही टिकायची नाही."

मग पारदर्शक काच आली, बरोबर मापाची. ती बसवून घ्यायला डॉक्टर एकटेच आले.

"वहिनी कशा आहेत?"

"वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते. गाडीचं नाव काढू देत नाही." मग ते म्हणाले, "मागची सीट काढून टाक. तिथे सामानाची पेटी बसव."

मिस्त्रीने पाना घेऊन सीट सोडवली आणि माझ्या शेजारी आणून ठेवली. नऊ वर्षांच्या बसण्याने तिला पडलेला खळगा अजून तसाच आहे.

मित्रांनो, काच पाण्याने भिजवा, मऊ फडक्याने पुसा. नवी घ्यायची झाली तर रुबाब बघू नका. गाडीवर बसा, समोर बघा आणि माप घ्या. आणि मागे बसणाऱ्या माणसाला काही सांगायचं असेल, तर ते गाडी सुरू करण्याआधी ऐका.